सत्तावन्न वेळा पडलेला उमेदवार

शिवानंद सरांना निवडणुकीत पडायची भीती अजिबात नव्हती. भीती होती ती निवडून यायची.

वाडीच्या दूध संस्थेचं मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं. सर कोल्हापूरच्या एका कॉलेजात वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते, त्यामुळे गल्लीवार नमुना घेऊन आपण चौऱ्याण्णव टक्के निवडून येणार, हे त्यांनी वहीत सिद्धच करून ठेवलं होतं. उभं राहायचं कारणही पक्कं होतं. दर ठरवायला दुधातलं फॅट मोजायचं संस्थेचं यंत्र वाडीतल्या यच्चयावत म्हशींना बारा महिने सहा पॉइंट दोन दाखवत होतं. नुकती व्यालेली म्हैस, आटत आलेली म्हैस, उपाशी म्हैस, सगळ्या सहा पॉइंट दोन! सख्खे भाऊ एवढे सारखे नसतात, तर म्हशी कुठल्या असायला. ते यंत्र बदलायचं, हे सरांच्या आयुष्यातलं पहिलं सार्वजनिक स्वप्न होतं.

अडचण होती ती जेसीबीची. आमच्याकडे निवडून आलेल्या माणसाला चालत घरी जाऊ देत नाहीत. त्याला जेसीबीच्या बकेटात उभं करतात, बकेट दुमजली घराइतकं वर नेतात, आणि तिथून त्यानं हसत हसत गुलाल उधळायचा असतो. पॅनेलप्रमुख हंबीररावांनी जेसीबी आधीच सांगून ठेवला होता. आणि सरांची अवस्था अशी, की माळ्यावरचं पातेलं काढायला घरात पवित्रावहिनी शिडीवर चढायच्या आणि सर खाली शिडी धरून डोळे मिटायचे.

म्हणून सरांनी रंकाळ्याकडच्या एका हॉलमध्ये नाव घातलं. तिथं कडे चढायचा सराव करायला तीस फुटांची लाकडी भिंत होती. तिच्यावर रंगीत खुंट्या ठोकलेल्या, माणसाच्या कमरेला पट्टे, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक श्रुतीच्या हातात. श्रुती मूळची चंदगडची, वय सव्वीस, वजन सरांच्या निम्मं. पहिल्याच दिवशी सर सहा फुटांवर गेले आणि भिंतीला पालीसारखे चिकटले. फरक इतकाच, की पाल घामानं भिजत नाही.

"सर, एवढं घट्ट धरू नका," खालून श्रुती म्हणाली. "घट्ट धरणारा लवकर पडतो. हात भरून येतात."

"न धरता कसं चालेल?"

"दोर आहे की. येताना गाडीवर हेल्मेट होतं?"

"नाही. जवळच तर राहतो."

"मग भीती तिथं वापरायची होती. इथं आणून काय उपयोग?"

हे वाक्य सरांना भयंकर आवडलं. वीस वर्षांत पोरांना शक्यतेबद्दल इतकं नेमकं त्यांना सांगता आलं नव्हतं. धोका असतो तिथं भीती वाटत नाही आणि भीती वाटते तिथं धोका नसतो! श्रुतीचं पुढचं म्हणणं असं, की माणूस उंचीला भीत नाही, पडायला भीत असतो. तेव्हा आधी पडायला शिकायचं. मुद्दाम हात सोडायचा, श्वासही सोडायचा, आणि दोरावर लोंबकळत मनाला सांगायचं, बघ, काही झालं का?

पहिल्या दिवशी सर एकदा पडले, तेही खोकला आला म्हणून. दुसऱ्या दिवशी तीनदा. मग त्यांना गोडी लागली. दर पडण्याची ते वहीत नोंद ठेवू लागले. दहा दिवसांत आकडा सत्तावन्नवर गेला, आणि त्या आनंदात त्यांनी सकाळी डेअरीच्या रांगेत, हातात किटली घेऊन, श्रुतीला फोन लावला.

"मॅडम, सत्तावन्न वेळा पडलो! आता पडायचं काही म्हणजे काही वाटत नाही. आता किती उंचावरनं पाडा, मी तयार आहे."

सरांच्या मागे धोंडुबाई उभ्या होत्या. धोंडुबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट संस्थेच्या नोटीस फळ्यापेक्षा लवकर वाडीभर होते. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की सरांनी पडायचं ठरवलंय, कुणा मॅडमशी तसं बोलणंही झालंय, आणि ती मॅडम विरोधी पॅनेलच्या बाळासोंची भाची लागते. श्रुती बाळासोंची कुणीच लागत नव्हती. पण वाडीत नातं लावायला पुरावा लागत नाही.

संध्याकाळी हंबीरराव चप्पल न काढताच आत आले.

"सर, तुमी पडनार म्हनं."

"रविवारी परत जायचंय," सर उत्साहानं म्हणाले. "ठरवून पडलं की भीती जाते. रीतसर ट्रेनिंग आहे त्याचं."

"पडायचं ट्रेनिंग?" हंबीरराव खाली बसले. "फी भरून? आमच्याकडं माणसं फुकट पडत्यात की वो. बरं, पडायचा अंदाज किती हाय?"

आता शक्यतेबद्दल विचारल्यावर सर थांबतात होय? त्यांनी कागद ओढला. एकदा चढलो तर पडायची शक्यता शंभरात एक धरू. पण शंभरदा चढलो, तर एकदा तरी पडायची शक्यता त्रेसष्ट टक्के.

"त्रेसष्ट टक्के," हंबीरराव भिंतीकडे बघत म्हणाले. "आनि हे उमेदवार सोता सांगतोय."

पवित्रावहिनींनी चहा आणला, घोटाळा ओळखला आणि भिंत, दोर, पट्टे सगळं एका दमात सांगितलं. हंबीररावांनी ते शांतपणे ऐकलं. त्यातलं त्यांना किती पटलं कुणास ठाऊक, पण कामाचं तेवढं त्यांनी उचललं. उमेदवार बदलायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते कट्ट्याकट्ट्यावर सांगत सुटले, "सत्तावन्न वेळा पडलाय मानूस. अजून किती पाडायचं एकाला?"

आणि वारं फिरलं! म्हशीला ओळीनं चार टोणगे झाले की पाचवी रेडी होणारच, हा आमच्या वाडीचा सिद्धांत. मग सत्तावन्न वेळा पडलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वेळी निवडून येणार, यात शंका ती काय? हा गृहस्थ एवढ्या निवडणुका कधी आणि कुठं लढला, हे कुणी विचारलं नाही. आता त्याच्या विरुद्ध पैज कोण लावतो? बाळासोंच्या सख्ख्या चुलत्यानंही सरांना मत द्यायचं कबूल केलं.

सरांच्या कानावर हे आलं शेवटच्या सभेत, हंबीररावांच्या भाषणातून. सभेचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आणि त्यावर फळ्या. एरवी सर तिथं दोन वाक्यं बोलून, खांब धरून खाली उतरले असते. पण आता त्यांना उंचीचं काहीच वाटेना. पाय स्थिर, श्वास मोकळा. आयुष्यात पहिल्यांदाच ते समोरच्या माणसांचे चेहरे बघत बोलू शकत होते, आणि तोच घात झाला.

सर म्हणाले, आधीच्या पडण्याचा पुढच्या निवडून येण्याशी काडीचा संबंध नसतो. नाण्याला आठवण नसते. सत्तावन्नदा पडलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वेळी येईलच, हे अशास्त्रीय आहे. उलट एखादा एवढ्या वेळा पडला असेल, तर तो परत पडेल असंच शहाण्यानं धरावं. हंबीररावांनी मागून सदरा ओढला. सर डगमगले नाहीत. तोल कसा सांभाळायचा हे त्यांना आता येत होतं. चार टोणग्यांनंतर पाचव्या वेळी रेडी व्हायची शक्यताही निम्मीच असते, असं त्यांनी वर जोडलं.

बायकांच्या बाजूनं धोंडुबाई उठल्या. त्यांच्या म्हशीला ओळीनं चार टोणगे झाले होते आणि ती पुन्हा गाभण होती.

"निम्मीच?"

"निम्मीच, मावशी."

"एवढं सोसून निम्मीच?" धोंडुबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून चालू लागल्या. त्यांच्या मागून त्यांची गल्ली उठली. टाळ्या फक्त बाळासोंच्या माणसांनी वाजवल्या, पण मनापासून वाजवल्या. सरांचं भाषण त्यांनी मोबाइलवर घेतलं आणि दोन दिवस रिक्षावरून वाडीभर लावलं.

सर एक्केचाळीस मतांनी पडले. यंत्र राहिलं, सहा पॉइंट दोन राहिलं. जेसीबी वळून बाळासोंच्या गल्लीत गेला.

"का बोललासा वो?" मोजणीच्या मांडवाबाहेर हंबीररावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"त्यांचं गणित चुकीचं होतं."

"गनित चुकीचं हुतं, पन मतं बरोबर पडत हुती की."

सोमवारी सरांनी वर्गात हेच उदाहरण घेतलं. नाणं, टोणगे, सत्तावन्न, सगळं फळ्यावर मांडलं आणि माणसाची समजूत कुठं फसते ते फार सुंदर समजावून सांगितलं. पोरं पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होती. मग पहिल्या बाकावरच्या क्रांतीनं हात वर केला.

"सर, त्यांचा गैरसमज तसाच ठेवला असता, तर तुम्ही निवडून यायची शक्यता किती होती?"

सरांनी डस्टर उचललं आणि फळा अगदी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसला.

"हे परीक्षेला नाही," ते म्हणाले.