तुमच्यात कशानं जातात?

धर्माअण्णा लग्नाच्या पंगतीत बसले की बुंदी वाढून व्हायच्या आत शेजारच्या पाहुण्याला विचारत, "तुमच्यात कशानं जातात?"

पाहुणा घास हातात धरून बघत राही. मग अण्णा खुलासा करत, "मरताना वो. हार्टनं का किडनीनं?"

या प्रकाराला जबाबदार मी. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर एका बियाण्याच्या दुकानात माझं टेबल होतं आणि मी विम्याची एजंटी करत होतो. दोन हजार सालानंतर आमच्याकडे गंभीर आजाराची पॉलिसी आली. ती लोकांना समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. ही पॉलिसी बिल बघत नाही. यादीतला मोठा आजार निघाला की ठरलेली रक्कम एकदम हातात देते, मग उपचार करा नाहीतर घर चालवा. लोक मान डोलावत, "आणि आजार नाय झाला तर पैसे परत?" असं विचारत आणि माझा चहा पिऊन निघून जात.

अण्णा मात्र बसून राहिले. ते कसाऱ्याला रेल्वेत चावीवाले होते, म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासत चालायचं काम. निवृत्त झाले तरी ठोकून बघायची खोड गेली नव्हती. खुर्चीत बसण्याआधी तिचा पाय वाजवत. माझं टेबल वाजवून म्हणाले, "भास्कर, हितं ढिलं हाय." होतंही. मग त्यांनी माझी पॉलिसी वाजवायला घेतली.

घराण्यात कोणाला काय आजार होते ते खरं सांगावं लागतं, एवढंच मी बोललो होतो. झालं. आजार ही घराण्याची चाल असते, हळदीला मटण चालतं की नाही तशी, हे अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे त्यांनी लग्न, बारसं, दहावा काही सोडलं नाही. आले की अहवाल देत.

"आमच्यात हार्ट चालतो. किडनी नाय चालत. किडनी काढ आन् हप्ता कमी कर."

"अण्णा, यादी अख्खी घ्यावी लागते."

"जे चालत नाय ते कशाला घ्यायचं रे?"

शहापूरच्या चुलतभावानं आपल्यात लकवाही होता असं सांगितलं, तर त्याच्याशी कडाक्याचं भांडण. "तो त्याच्या आईकडचा हाय. आमचा नाय."

मग एकदा ते सिद्धगडाच्या पायथ्याला, बायकोच्या म्हणजे आमच्या काकूंच्या माहेरी जाऊन आले. त्या दिवशी खुर्ची न वाजवताच बसले. काकूंची आई गाठीनं गेली होती आणि थोरली बहीणही. स्तनातली गाठ. दोघींनी लाजेपायी कोणाला सांगितलं नाही, आणि घरात कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

"त्यांच्यात गाठ चालते," अण्णा म्हणाले. "आन् ही तर तापातसुदीक डॉक्टरला हात दाखवत नाय. पॉलिसी हिच्या नावानं कर. माजी राहू दे."

आई-बहिणीचं मी खरं ते कळवलं, तसा कंपनीनं हप्ता वाढवला. अण्णांनी ब्रसुद्धा काढला नाही. अटी मात्र एकेक समजून घेतल्या. पहिले काही महिने पॉलिसी लागू होत नाही. आजार कळल्यावर माणूस महिनाभर तरी जगला पाहिजे. यावर ते म्हणाले, "जगंल. तिला कुटं घाई हाय?" मग ज्या अटीवर गिऱ्हाईक हमखास उठून जातं, ती मी चाचरत सांगितली. गाठ अगदी सुरुवातीला सापडली तर या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत.

"म्हंजे तवा बाई वाचते, म्हनून?"

"बहुतेक वाचते."

"मंग चांगली हाय. कर."

यांना काही समजलेलं नाही, असं मला वाटलं. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "ऐकलं रे," आणि सही घ्यायला काकूंना बोलावून आणलं.

तिसऱ्या वर्षी हप्ता भरायला अण्णांबरोबर काकूही आल्या, त्या तणतणतच.

"भास्कर, तुजी कंपनी डोक्यावर पडली काय रे? दर साली मला कल्यानला बाईडॉक्टरकडं धाडते. ती मेली सगळं चाचपून बघते. आन् नाय गेली तर भरलेले पैसे बुडतात म्हनं."

अशी कुठलीही अट नव्हती. कंपनीनं तपासणी मागितली होती ती एकदाच, सुरुवातीला, आणि तीही रक्त-लघवीची. मी अण्णांकडे बघितलं. ते खाली वाकून माझ्या टेबलाचा पाय वाजवत होते आणि वर बघायला तयार नव्हते.

"हो काकू," मी म्हणालो. "फार कडक अट आहे. चुकवू नका."

कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काकू बाहेर गेल्या. अण्णा सावकाश वर आले.

"रुळाची चीर केसाएवढी असताना गावली तर गाडी सुखरूप जाते," ते म्हणाले. "ही नुसतं सांगून गेली नसती रे. पैसे बुडतात म्हटलं तवा जाते."

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी उगाच पावतीपुस्तक शोधू लागलो.

"तुज्या कंपनीचा एक रुपया माज्या हातात नको पडू दे," अण्णा म्हणाले. "घरात बोलायला दुसरं मानूस नाय मला."

बाहेरून काकूंनी हाक मारली, "येताय का, का हितंच ऱ्हाताय?"

"आलो गो," म्हणत अण्णा लगबगीनं उठले.