दहीभात खाणारी गाडी

आमच्या शेजारचे पुंडलिकराव दर रविवारी आपल्या गाडीला दहीभात खाऊ घालतात. म्हणजे आधी गाडीला टपापासून चाकांपर्यंत साबणाचा फेस फासतात, मग स्वयंपाकघरातून वाटी आणतात, त्यातला चिमूटभर दहीभात पुढच्या चाकापाशी ठेवून नमस्कार करतात आणि उरलेली वाटी घेऊन घाईघाईने घरात शिरतात. बाहेर आले की पाइप धरून गाडी धुतात. दहीभातावर मुंग्या येतात, मुंग्यांमागून कावळे येतात आणि कावळे त्या स्वच्छ गाडीवर काय करून जातात हे मी सांगायला नको.

हे सगळं मला इतक्या बारकाईने ठाऊक आहे, कारण या प्रकाराची मी पंच आहे. मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते. आठवडाभर पोरांपुढे घसा कोरडा केल्यावर रविवारी डोक्याला तेल लावून चहा घेत बसावं एवढीच माझी अपेक्षा असते. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक येते, "वंदना, हाजीर हो. मुआयना हाय."

पुंडलिकराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, पण आदिलाबादच्या कचेऱ्यांतली उर्दू अजून गेलेली नाही आणि पुंडलिकरावांच्या जिभेवरून तर ती जायचं नावच घेत नाही. तपासणी करायची तर ते मुआयना करतात. खातरजमा करायची तर तसदीक करतात. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं की तसदीक. मी आज रविवार आहे म्हटलं की तसदीक. "तसदीक झाल्याबिगर मी काईच मानत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझं डोकं दुखायला लागतं.

गाडीचं म्हणाल तर ती गडद निळी आहे आणि ती कुठेही जात नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ती हौसेने घेतली होती. सुशीलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, जैनथला माहेरी स्वतःच्या गाडीतून न्यायचं म्हणून. ते चालवायला शिकले, पण असे शिकले की गुडीहत्नूरच्या रस्त्यावर मागून येणारे ट्रॅक्टर त्यांना भोंगे वाजवायचे. जैनथची एकच फेरी झाली. परत येताना त्यांनी आमच्या फाटकाचा खांब पाडला. त्यानंतर काकूंची तब्येत बिघडली आणि गाडी व्हरांड्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. न चालणारी गाडी मळणार तरी किती? तरी तिला दर आठवड्याला आंघोळ.

आणि आंघोळ साधी नाही. त्यासाठी हाताचे फेसपंप. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्लास्टिकची धरता येईल एवढी बाटली, वर एक दांडी. बाटलीत पाणी आणि गाडीचा शाम्पू घालायचा, दांडी वरखाली करून आत हवा भरायची आणि अंगठ्याखालचा खटका दाबायचा. तोंडातून फेस येतो. एवढंच ते यंत्र. पुंडलिकरावांकडे अशा पंपांचं एक अख्खं कार्यालय आहे. पिवळ्या पंपाचा फेस दाट, पण मानेपाशी गळतो. पितळी तोंडाचा दिसायला रुबाबदार, पण फेसाऐवजी पाणीच थुंकतो. निळ्यात हवा टिकत नाही, दांडी मारून मारून खांदा निखळायची वेळ येते. जो पंप बिघडेल तो मुअत्तल होतो, म्हणजे त्याला भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. नवं वायसर बसवलं की तो बहाल होतो. रविवारी सकाळी भिंतीवर टांगलेले ते सगळे पंप चौकशीला बोलावल्यासारखे दिसतात.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्याला फेस धरत नाही. म्हणून गाडीसाठी फिल्टरच्या पाण्याचा कॅन येतो आणि पाहुण्याला मात्र बोअरचं पाणी मिळतं. मी एकदा विचारलं की काका, माणसं खारं पाणी पितात आणि गाडी गोडं, हा कुठला न्याय? तर म्हणाले, माणसाले फेस कुठी आणाचा हाय?

पंचाचं काम फेस किती टिकतो ते पाहण्याचं. त्यांनी मला भिंतीच्या माझ्याच बाजूला, जिथून गाडी दिसते पण घराची खिडकी दिसत नाही, तिथे उभं करायचं, स्वतः वाटी घेऊन आत पळायचं आणि फेस काचेवरून घसरायला लागला की मी हाक मारायची. मग ते बाहेर येऊन निकाल देणार. "पिवळा दोन घासाचा." किंवा, "याचा एकच घास. मुअत्तल." फेस घासांत कसा मोजतात हे गणिताच्या बाईला कळेना. विचारलं तर म्हणत, तू तुहं काम कर. मी एकदा म्हटलं की गाडीचा मळ निघाला म्हणजे झालं, फेस टिकून करायचाय काय. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मीच ओशाळले. "मळाचा सवालच नाई, वंदना," ते म्हणाले. "फेस टिकला पायजे."

या माणसापुढे मी केव्हाच हात टेकले होते. पण शेजार तोडता येत नाही.

मग जैनथहून काकूंचा भाऊ आला आणि जाताना शेतावरचा जुना फवारणीचा पंप ठेवून गेला. पाठीवर घ्यायचा, मोठ्या पोटाचा. पुंडलिकरावांनी त्याला जुन्या पंपाचं फेस करायचं तोंड बसवलं. त्या रविवारी गाडी दिसेनाशी झाली. इतका पांढराशुभ्र, इतका दाट फेस मी कधी पाहिला नव्हता. मला हाकच मारावी लागली नाही. पुंडलिकराव रिकामी वाटी घेऊन आपणहून बाहेर आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा. "पूर्ण वाटी," म्हणाले. "वंदना, पूर्ण वाटी."

आठवड्याभरात माझी वांगी आजारी पडली. भिंतीलगत मी सात-आठ रोपं लावली होती, त्यांच्या पानांचे द्रोण झाले, शेंडे पिळवटले. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेतकरी तण मारायच्या औषधाचा पंप वेगळा ठेवतात, कपाशीच्या फवारणीला चुकूनही वापरत नाहीत. कितीही धुतला तरी तो पंप विसरत नाही. मेहुण्याने तोच आणून दिला होता आणि गाडी धुतलेलं पाणी माझ्या वांग्यांत उतरलं होतं. जन्मभर जमिनीचे कागद तपासलेल्या माणसाने एवढी तसदीक करू नये?

पुढच्या रविवारी मी हाकेची वाट पाहिली नाही. पिळवटलेली फांदी हातात घेऊन फाटकातून आत शिरले ते भांडायलाच. अंगणात कुणी नव्हतं. गाडी फेसात बुडालेली. चाकापाशी दहीभात. दार उघडं होतं.

काकूंना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या विसरायला लागल्या आहेत हे माहीत होतं. आधी नावं विसरल्या, मग वाटा, मग कुणाकडे जायच्या बंद झाल्या. पुंडलिकराव कुणाला आत घेत नसत. कामाला लावलेल्या बायकाही चार दिवसांत सोडून जात. लेकरूबाळ नाही. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नऊवारीच्या ऐवजी गाऊन, केस कापलेले. त्या बाहेरच्या पांढऱ्या गाडीकडे पाहत होत्या आणि पुंडलिकराव खाली बसून त्यांना एकेक घास भरवत होते. काकू खात होत्या आणि बोलतही होत्या. "कापूस लय आला औंदा. ओसरीत मावन का?"

"मावन," पुंडलिकराव म्हणाले. "तू खा."

मी उभी राहिले. मग एकदम हातातल्या फांदीची आठवण झाली. मी ओरडले, "काका, हात धुतले का तुम्ही? तो तणाच्या औषधाचा पंप आहे."

त्यांनी माझ्या हातातली फांदी पाहिली. जन्म सगळा शेतकऱ्यांच्या मधे गेलेला माणूस, एका नजरेत समजला. वाटी खाली ठेवली. स्वतःचा उजवा हात असा अंगापासून लांब धरला जणू तो दुसऱ्याचा होता. भरवण्याआधी हात धुतले होते हे त्यांना नंतर आठवलं, काकूंना काही झालंही नाही, पण त्या दिवशी त्यांनी मोरीत बसून हात किती घासले ते मी पाहिलंय. तोपर्यंत फेस गळून गाडी निळी झाली होती. काकूंनी तोंड मिटून घेतलं होतं.

मग ओसरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. काकू जेवत नाहीत. तोंडच उघडत नाहीत, भरवायला गेलं की मान फिरवतात. डॉक्टरांनी नळीचं बोलून ठेवलंय. मागे एकदा पुंडलिकरावांनी पहिल्यांदाच पंपाने गाडीवर फेस मारला आणि खिडकीतून काकूंचा आवाज आला, खूप दिवसांनी. कापूस फुटला, त्या म्हणाल्या. सीतादही केली का? आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात कपाशीची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच प्रसाद वेचणाऱ्यांना वाटतात, तिला सीतादही म्हणतात. काकू जैनथच्या कापूसवाल्या घरातल्या. पुंडलिकरावांनी धावत जाऊन दहीभात कालवला, गाडीच्या चाकापाशी नैवेद्य ठेवला आणि उरलेला काकूंपुढे नेला. काकूंनी तोंड उघडलं.

"फेस हाय तवर खाते," ते म्हणाले. "फेस गेला का सरलं."

मी म्हटलं, मग खरा कापूसच आणा की, बाजार भरून वाहतोय. त्यांनी तोही आणला होता. हातात दिला तर काकूंनी भिरकावून दिला. रोज फेस मारूनही पाहिला, तर चौथ्या दिवशी त्या पाहीनाशा झाल्या. मधे दिवस जाऊ द्यावे लागतात. बाकीचे दिवस चमच्याने दूध, पेज, जे उतरेल ते.

"जो पंप पूर्ण वाटीचा निंगाला," पुंडलिकराव म्हणाले, "थोच जहराचा निंगाला." त्यांनी तो पंप बर्खास्त केला. मी फांदी येताना त्यांच्याच अंगणात टाकून आले.

त्यानंतर मीही त्या वेडात सामील झाले. संध्याकाळी पेपर तपासायचे सोडून फेसपंपांची तुलना वाचत बसू लागले. कुठल्याचं तोंड फिरतं, कुठल्याच्या आत फेस करायची जाळी दाट आहे, कशात हवा जास्त धरते. लोक आपल्या चकचकीत गाड्यांचे फोटो टाकून लिहीत, फेस छान, धूळ छान निघते. टिकतो किती, हे कुणीच लिहीत नव्हतं. त्यांचं काय अडलं होतं म्हणा. शेवटी एक मागवला. राखाडी रंगाचा, जाड बाटलीचा. पुंडलिकरावांनी दोन वेळा उकळत्या पाण्याने धुऊन त्याची तसदीक केली.

थंडी पडली होती. थंडीत फेस उतरायला वेळ लागतो. फिल्टरचं पाणी, मोजून शाम्पू. मी दांडी मारली, खटका दाबला आणि टपावरून, काचांवरून, बोनेटवरून फेस बसत गेला तो हललाच नाही. पाठीवरच्या पंपासारखाच पांढराशुभ्र. पुंडलिकरावांनी नैवेद्य ठेवला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि वाटी घेऊन आत गेले. मी खिडकीबाहेर उभी होते. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

काकूंनी बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुंडलिकरावांनी घास पुढे केला, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पुन्हा केला. नाही. फेस जसाच्या तसा होता, पंपाकडून काही कसूर नव्हती. मला रडू यायला लागलं. एवढ्या खटपटी करून हाताला काही लागू नये याचा रागही आला, पण कुणावर यावा ते कळेना.

मग काकूंनीच त्यांच्या हातातली वाटी घेतली. बोटांनी घास कालवला आणि पुंडलिकरावांच्या तोंडाशी नेला.

"खाय रे बाप्या," त्या म्हणाल्या. वेचणीला आलेल्या गड्याशी बोलतात तसं. "दिवसभर वाकाव लागन तुले. उपाशी नको जाऊ."

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. त्यांनी खाल्लं. काकूंनी दुसरा घास केला.

"घरी बायको हाय का तुले?"

पुंडलिकरावांच्या तोंडात भात होता. त्यांनी तो गिळला. "हाय जी," ते म्हणाले.

"मंग तिले काऊन नाई आणलं संग? कापूस केवढा आला, पाय. अजून दोन हात लागले असते."

"आणतो," पुंडलिकराव म्हणाले. "उद्या आणतो."

"आण मंग. ती बी जेवन इथीच," काकू म्हणाल्या आणि पुढचा घास कालवायला लागल्या.

बोनेटवरचा फेस एका बाजूने खचायला लागला होता. मी धावले, पंप उचलला, दांडी मारून खटका दाबला. थोडा फेस आला, मग शिंतोडे, मग नुसती हवा. बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि कॅन आत स्वयंपाकघरात होता. मला त्या दोघांमधून जायचं नव्हतं. गाडीचा निळा रंग हळूहळू दिसू लागला, तरी मी खटका दाबून धरला होता.