भिंत झाशीत, चर्च फिजीत

"मुळ्येजी, माणसाला वीट लावायला शिकायला किती दिवस लागतात?" खुर्चीत बसायच्या आधीच साळवेबाईंनी विचारलं.

विद्याधर मुळ्ये बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सीपरी बाजारातल्या आपल्या घराच्या सगळ्या दारंखिडक्यांची मापं त्यांची दोनदा घेऊन झाली होती. स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूला अर्धा इंच खाली आहे, हे त्यांनी पत्नीला, इंदूला, इतक्या वेळा सांगितलं होतं की ती आता ओट्याजवळ आली की त्यांना आधी बाहेर बसवायची. त्यामुळे साळवेबाईंचा प्रश्न ऐकताच विद्याधररावांची पाठ ताठ झाली.

अनुसूया साळवे मूळच्या नगरच्या. मिशनच्या शाळेत गणित शिकवायला झाशीला आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी बोलायला मिळावं म्हणून महिन्यातून एकदा मुळ्यांकडे यायच्या, मासिकं न्यायच्या, आणून द्यायच्या. त्या दिवशी मासिकं विसरून आल्या होत्या. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं ते असं. फिजी बेटांवरच्या एका खेड्यातलं चर्च वादळात पडलं होतं. तिथले पाद्री मोझेस आणि सिव्हिल लाइन्समधल्या साळवेबाईंच्या चर्चचे पाद्री लाल हे एकेकाळचे वर्गमित्र. तेव्हा झाशीच्या चर्चच्या मंडळीनं ठरवलं की नुसतं पत्र पाठवायचं नाही. सहा माणसांनी स्वतः जायचं आणि पंधरा दिवसांत चर्च उभं करून परत यायचं. सहा नावं ठरली होती. दातांचे एक डॉक्टर, रेल्वेतले एक निवृत्त गार्ड, दोन नर्सबाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बकुळाबाई आणि स्वतः साळवेबाई, वय वर्षं एकसष्ट.

"आणि यांच्यापैकी बांधकाम कोणाला येतं?"

"तेच तर विचारायला आले," साळवेबाई म्हणाल्या. "आयुष्यभर फळ्यावर लिहिलं आणि पुसलं, मुळ्येजी. एकदा तरी पुसलं जाणार नाही असं काहीतरी या हातांनी करायचंय."

हात चांगला बसायला चार महिने लागतात, असं विद्याधररावांनी सांगितलं. जायला सात आठवडे होते. तेवढ्यात आतून इंदू म्हणाली, "देवाचं घर आहे. नीट शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहा वाजता चर्चच्या मागच्या आवारात शिकवणी सुरू झाली. रविवारशाळेच्या नव्या खोलीसाठी आणलेल्या विटा आणि सिमेंट तिथेच पडलेलं होतं. त्यातल्या थोड्या विटा घेऊन, चिखलाचा माल करून, विद्याधररावांनी जमिनीवर चुन्यानं आठ फुटांची रेघ मारली. या रेघेवर भिंत बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पाडून पुन्हा बांधायची. हातात छडी घेऊन ते फिरत, भिंत सरळ उभी आहे का हे बघायचा ओळंबा कसा धरायचा, एकावर एक येऊ नये म्हणून सांधा कसा फोडायचा ते सांगत. डॉक्टरांचं काम सुंदर होतं, पण ते दोन विटांमधली फट दाढेतली असावी तशी भरत. तासात तीन विटा. गार्डसाहेब वीट हातात धरून उभे राहत आणि विद्याधररावांनी हात वर केल्याशिवाय ती खाली ठेवत नसत. बकुळाबाई बोटं जपत. खरं शिकत होत्या त्या साळवेबाई. आपली वाकडी वीट त्यांना कुणी दाखवावी लागत नसे.

विद्याधरराव घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाऊ लागले. इंदूला ओटा परत मिळाला.

गडबड झाली ती फोटोंमुळे. व्हिसाच्या अर्जांना लावायला फोटो हवेत म्हणून विद्याधरराव सहाही जणांना सीपरी बाजारातल्या मधूच्या स्टुडिओत घेऊन गेले. मधूनं विचारलं, कुठली तयारी? विद्याधरराव अभिमानानं म्हणाले, की ही माणसं परदेशात बांधकामाला चालली आहेत. खोटं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पसरली, की मुळ्येसाहेब गवंडी परदेशी पाठवताहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात पाच मिस्त्री उभे होते, थाप्या घेऊन. तिसऱ्या दिवशी अकरा. मग पार समथर गावाहून बसनं येऊ लागले. विद्याधररावांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा समजावलं, की ही नोकरी नव्हे. ही माणसं पदरचं भाडं भरून जाणार, फुकट काम करणार आणि परत येणार. मिस्त्री नम्रपणे हसायचे. साहेबांना नकार द्यायचा होता तर त्यांनी जरा बरी सबब सांगायला हवी होती, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मग ते चर्चच्या आवारापर्यंत मागे येत आणि शिकवणी बघत उभे राहत. एक दिवस त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं डॉक्टरांकडे बोट दाखवून अगदी दुखावल्या स्वरात विचारलं, "साब, इनें भेज रए, और हमें काए टाल रए?"

विद्याधररावांनी डॉक्टरांना पुढची वीट जरा भराभर लावायला सांगितली.

या घोळक्यात जयसिंग निकम नावाचा माणूस होता. साताऱ्याकडचा, फौजेच्या इंजिनिअर पलटणीत वीस वर्षं काढलेला. शेवटचं ठाणं झाशीजवळचं बबीना, तिथून पेन्शन घेऊन झाशीतच घरं बांधणारा. तो काही मागत नव्हता. रोज येऊन त्या भिंतीकडे बघायचा आणि मान फिरवायचा. एका सकाळी त्याला राहवलं नाही. तो पुढे आला आणि म्हणाला, "सायेब, रागावू नका. तुमी सांगताय ते समदं बराबर हाय. पन सांगून ह्यास्नी उमगंना. येकडाव तुमी लावून दावा."

सहा शिष्य बाजूला झाले. विद्याधररावांनी छडी ठेवली, थापी घेतली, माल पसरला, वीट ठेवली. वीट एका बाजूला झुकली. त्यांनी ती ठोकली, तशी दुसऱ्या बाजूला झुकली. तिसऱ्यांदा ठोकल्यावर माल बाहेर आला आणि वीट त्यांच्या चपलेवर पडली. कुणी हसलं नाही. गार्डसाहेब तर आकाशाकडे बघू लागले. जयसिंगनं खाली वाकून वीट उचलली, पुसली, आणि एका हातानं अशी बसवली की जणू ती तिथेच भाजली होती.

घरी आल्यावर विद्याधररावांनी ताट बाजूला सारलं. छत्तीस वर्षं भिंतींवर छडी वाजवून चांगली कोणती, वाईट कोणती ते सांगितलं. कामं नापास केली, माणसांना पुन्हा बांधायला लावलं. स्वतः एकही वीट लावली नव्हती, आणि हे आजपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

"कधीच नाही?" इंदूनं विचारलं.

"कधीच नाही."

"मग आता लावा," असं म्हणून तिनं ताट पुन्हा पुढे केलं.

त्याच आठवड्यात फिजीहून ई-मेल आली. आधी कुठून तरी आलेल्या एका हौशी तुकडीनं बांधलेली भिंत तिथे कलली होती, म्हणून तिथल्या मंडळीला आता धास्ती होती. झाशीकरांच्या कामाचा एक फोटो आधी पाठवावा, असं पाद्री मोझेस यांनी लाजत लाजत लिहिलं होतं. विद्याधररावांनी मधूला रविवारी चार वाजताची वेळ दिली आणि दारातल्या मिस्त्रींना सहज म्हणाले, की रविवारी भिंतीचा फोटो फिजीला जायचाय, तेव्हा त्या दिवशी गर्दी करू नका.

मिस्त्रींनी त्यातलं ऐकायचं तेवढंच ऐकलं. रविवारी भिंतीची परीक्षा आहे.

रविवारी शिकवणीला सुट्टी असे. साडेआठला मंडळी आत उपासनेला बसली आणि साडेआठलाच बावीस मिस्त्री मागच्या आवारात उतरले. आठ फुटांच्या रेघेत बावीस माणसं मावणार कशी? त्यांनी आपसांत न भांडता प्रत्येकी तीन फूट वाटून घेतले आणि रेघ वाढवली. चिखलाला कुणी हात लावला नाही; परीक्षेला चिखल कोण वापरतो? रविवारशाळेच्या सिमेंटची पोती फोडली. आत बकुळाबाई ऑर्गन वाजवत होत्या, त्यामुळे बाहेरचा खडखडाट कुणाला ऐकू आला नाही. शिवाय त्या दिवशी पाद्री लाल यांचं प्रवचन लांबलं.

अकरा वाजता लोक बाहेर आले तेव्हा चर्चच्या मागच्या कोपऱ्यापासून थेट आवाराच्या कुंपणापर्यंत छातीएवढी भिंत उभी होती. दर तीन फुटांवर तिचा स्वभाव बदलत होता. कुठे जाळी, कुठे कमान, कुठे विटांची वेणी. एकानं तर छोटा देवळीसारखा कोनाडा काढून त्यात विचारपूर्वक क्रूस बसवला होता. भिंतीच्या अलीकडे मंडळी होती. पलीकडे, बाहेर पडायला वाट न उरलेल्या, त्यांच्या एकोणीस स्कूटर.

विद्याधररावांना रिक्षातून आणण्यात आलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि क्षणभर स्कूटर विसरले. इतकं सरस काम त्यांनी छत्तीस वर्षांत एका जागी पाहिलं नव्हतं. मग पाद्री लाल हळूच खोकले.

माल अजून ओला होता, तीन फूट काढणं सोपं होतं. पण कुणाचे तीन फूट? फोटो झाल्याशिवाय आपला भाग कुणी मोडू देईना. मधू दुपारपर्यंत एका लग्नात अडकलेला. तो आला तेव्हा साडेचार वाजले होते आणि मे महिन्याच्या उन्हात भिंत दगडासारखी झाली होती. फोटो काढल्यावरही मिस्त्री भिंतीसमोरून हलेनात. निकाल येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडळी पायी घरी गेली. पाद्री लाल यांनी जाताना विद्याधररावांना हात जोडून नमस्कार केला. तेच त्यांना जास्त लागलं.

फोटो उत्तम आला होता. पुढे सहा जण, मागे भिंत, भिंतीमागे बावीस डोकी. हा फोटो पाठवला तर कुणी नाही म्हणणार नव्हतं. विद्याधररावांनी तो साळवेबाईंसमोर ठेवला.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "पण खाली खरं लिहा. मागचे उत्तीर्ण, पुढचे नापास. गुणपत्रिका खोटी देऊन मला देवाच्या घरी जायचं नाही."

तसंच लिहिलं. आता सगळा बेत मोडणार असं धरून साळवेबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. फिजीच्या मंडळीला फोटोखालचा मजकूर फोटोपेक्षा जास्त आवडला होता. पाचांनी यावं, विटा-माल वाहावा. फक्त सहावं माणूस मागच्या बावीसांतलं असावं, नाहीतर पुढच्यांना शिकवणारे गुरूच यावेत. बकुळाबाईंनी आपली जागा लगेच सोडली. इतक्या आनंदात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

विद्याधररावांनी बावीस जणांना बोलावून शेवटचं सांगितलं. पगार नाही, पंधरा दिवसांत परत. या वेळी त्यांनी फिजीचं पत्रच वाचून दाखवलं, आणि मिस्त्रींचा एकदाचा विश्वास बसला. एकेकानं थापी पिशवीत घातली. पाच मिनिटांत आवार रिकामं झालं. भिंत पाडून जा म्हटलं तर आपल्या हातचं काम आपण मोडायचं, या कल्पनेनंच ते दुखावले.

जयसिंग तेवढा राहिला. "जेवान मिळंल न्हवं?" त्यानं विचारलं. त्याच्याकडे पासपोर्ट होता; दोन वर्षांपूर्वी दुबईच्या आशेनं काढलेला, कोरा. तरी तो म्हणाला, "पन सायेब, गुरू तुमी. तुमी जायला पायजे."

सगळे विद्याधररावांकडे बघू लागले. त्यांना जायचं होतं. इतकं, की मधूकडे त्यांनी गुपचूप आपलाही फोटो काढून घेतला होता. इंदूलाही सांगितलं नव्हतं.

"मला वीट लावता येत नाही," ते म्हणाले. "तू जा."

जून महिन्यात ते सहा जण निघाले, आणि झाशीत विद्याधरराव, बकुळाबाई आणि सहासष्ट फूट भिंत उरली. पाद्री लाल यांची एकच विनंती होती. स्कूटर जाईल एवढं दार त्या भिंतीत करून द्यावं. एकही मिस्त्री तयार होईना, तेव्हा विद्याधररावांनी स्वतः छिन्नी घेतली. बकुळाबाई घमेलं भरून देत, लांबूनच. फोडायला तीन दिवस लागले. मग दोन्ही बाजूंच्या कडा बांधून काढायच्या होत्या. त्याला नऊ दिवस लागले. रोज इंदू डबा घेऊन यायची, बघायची आणि छान होतंय म्हणायची. चौकट बसवली तेव्हा दाराची फळी मिटेना, पण ओढून धरलं तर मिटायची.

फिजीकर परतले ते तिसऱ्या दिवशी आवारात जमले. डॉक्टर विटांपेक्षा दाढाच जास्त उपटून आले होते. जयसिंगनं सांगितलं, तिथं विटा नव्हत्याच, सिमेंटचे ठोकळे होते. आणि पूर्वेची भिंत साळवेबाईंनी एकट्यांनी उभी केली, सूतभरही हलली नाही. साळवेबाईंच्या तळहातांना घट्टे पडले होते. त्या नव्या दाराशी जाऊन उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, डावीकडच्या कडेला लावला, उजवीकडच्या कडेला लावला, आणि तो हलायचा थांबेपर्यंत बराच वेळ वाट पाहिली.

"कुणी बांधलंय हे?"

विद्याधररावांनी हळूच बोट वर केलं.

साळवेबाईंनी पदर खोचला. "हे उतरवावं लागेल, मुळ्येजी," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. मी सांगते तसं करा. आधी घमेलं घेऊन या."