मंतरलेल्या मेथीचं प्रकरण

"गुन्हेगार कितीही चतुर असला तरी शेवटी माणूसच असतो, आणि माणसाच्या आरपार पाहणं हा माझ्या डोळ्यांचा धर्म आहे," असं म्हणत विद्याधरराव बाल्कनीच्या जाळीच्या दारावर नाकाने आपटले.

"दार लावलंय, बाबा," गौरी लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणाली.

"दिसलं होतं मला. जाळी किती ताणलीय ते तपासत होतो."

हे गौरीचे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात स्क्रूचे आटे तपासले आणि निम्म्या स्क्रूंवर संशय घेतला. निवृत्तीनंतर स्क्रू गेले, संशय तेवढा शिल्लक राहिला. तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी कार्डं छापून घेतली: 'विद्याधर, गुप्त तपासनीस. उत्तर बेंगळुरूतील एकमेव मराठी बुद्धी.' येलहंकेतल्या बाकीच्या मराठी माणसांनी हे कार्ड वाचून काय समजायचं, हा विचार त्यांना शिवला नव्हता. आजवर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. त्यातली हरवलेली चप्पल त्यांच्याच पायात सापडली, आणि उरलेल्या दोन प्रकरणांत पक्षकारांनी हात जोडून तपास थांबवायला सांगितलं.

मदतनीस म्हणून गौरीची नेमणूक झाली होती, तीही तिला न विचारता. "तू नाहीतरी घरूनच काम करतेस, बाबांना जरा सोबत होईल," असं म्हणून तिचा नवरा मकरंद रोज ऑफिसला पळून जायचा. नवरे असेच असतात, चालायचंच.

त्या सकाळी बेल वाजली आणि तिसऱ्या मजल्यावरचे विश्वासराव आत आले. चेहरा पार उतरलेला.

"विद्याधर, आता तूच काय ते बघ. मेथी आज बावीसवर आली."

मेथीचं हे रामायण आधी सांगायला हवं. विश्वासराव आणि दुसऱ्या मजल्यावरचे पुरुषोत्तम एकाच संशोधन संस्थेत पस्तीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसले. एक पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, आणि दुसरा पूजा करणाऱ्याला टोचल्याशिवाय जेवत नसे. देव आहे का, पाप म्हणजे काय, आत्म्याला वजन असतं का, यावर रोज सकाळी फिरताना त्यांचं भांडण चाले. शेवटी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या 'बाय टू' कॉफी. म्हणजे एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. पस्तीस वर्षांत दोघांनी कधी अख्खी कॉफी प्यायली नाही.

महिन्यापूर्वी वाद मंत्रावर आला. विश्वासराव म्हणाले, मंत्रात शक्ती असते, झाडंसुद्धा जोमाने वाढतात. पुरुषोत्तम म्हणाले, "कर सिद्ध." झालं! गच्चीवर दोन कुंड्या आल्या. माती तीच, यशवंतपूरच्या बाजारातून आणलेलं मेथीचं बी तेच, पाणी पेल्याने मोजून. प्रत्येकीत साठ रोपं. एका कुंडीसमोर विश्वासराव रोज सकाळी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करणार. दुसरी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या कानावर चुकून पुण्य पडू नये म्हणून तेवढा वेळ पुरुषोत्तम तिच्यावर स्टीलचं पातेलं उपडं घालत. एकवीस दिवसांनी जो हरेल त्याने देव या विषयावर जन्मात पुन्हा तोंड उघडायचं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी हयवदन यांनी हौसेने दोन पाट्याही लावल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'मंत्र घातलेली' आणि 'मंत्र न घातलेली'. प्रयोग कसा उघड, पारदर्शक हवा!

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. मग मंत्राची मेथी कमी व्हायला लागली. रोज दोन-तीन, कधी एकदम आठ-नऊ रोपं मुळासकट गायब. तेराव्या दिवशी विश्वासरावांचा तोल सुटला आणि ते भर गच्चीत म्हणाले, "पुरुषोत्तम, हरायची इतकी भीती वाटत होती तर पैज कशाला लावलीस?"

पुरुषोत्तमांनी पातेलं उचललं आणि खाली गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. एक सहाला फिरायला जातो, दुसरा सातला. दोघं आपापली अख्खी कॉफी पितात आणि दोघांनाही पित्त होतं.

"त्याच्या लेकीला, शमिकाला मुलगी झाली, गौरी," विश्वासराव सोफ्यावर बसत म्हणाले. "लहानपणी माझ्या खांद्यावर बसून फिरायची ती पोर. आणि मला कळलं कुठून, तर सोसायटीच्या ग्रुपवरून. मी बातमीखाली अंगठा पाठवला. नंतर चष्मा लावून पाहिलं तर अंगठाही खालीच वळलेला होता. घाईघाईत पुसला."

गौरीला फार वाईट वाटलं. शिवाय तिने त्यांची नजरही चुकवली, पण त्याचं कारण वेगळं होतं. ते येईलच पुढे.

विद्याधररावांनी भिंग काढलं आणि तिघं गच्चीवर गेले. अर्ध्या मिनिटात ते ओरडले, "गौरी, लिहून घे! कुंडीच्या काठावर लाल भुकटी. रासायनिक विष!"

"बाबा, ते कुंकू आहे."

"कुंकू दिसावं म्हणूनच ते विष लाल ठेवलंय. आणि ही पिवळी भुकटी?"

"हळद."

"अस्सं! म्हणजे विष पचावं म्हणून वर हळद. गुन्हेगाराला स्वयंपाक येतो."

तेवढ्यात झाडू घेऊन नंजम्मा आली. वीस वर्षं या इमारतीतली मराठी घरं झाडता झाडता तिने स्वतःपुरती एक मराठी तयार केली होती. "सार, ते मेथी..." ती सुरू झाली.

"अक्का, आमेले, आमेले!" विद्याधररावांनी हात उंचावला. "नंतर या. इथे विज्ञानाचा तपास चाललाय." नंजम्मा "सरी", म्हणजे बरं, असं म्हणून झाडायला लागली.

दुपारपर्यंत विद्याधररावांचे तीन सिद्धांत तयार झाले. पहिला: पुरुषोत्तमांनी केलं. दुसरा: सेक्रेटरी हयवदन यांनी केलं, कारण त्यांना त्या जागी पापड वाळवायचे आहेत. तिसरा सिद्धांत त्यांचा विशेष लाडका होता. विश्वासरावांचा आवाज इतका कर्कश आहे की एकविसाव्या आवर्तनाला रोपं मुळासकट उडी मारतात.

"मग उडालेली रोपं कुठे गेली?" गौरीने विचारलं.

"खाली पडली. तू खाली बघितलंस?"

"तुम्ही बघितलंत?"

"मदतनीस तू आहेस."

गौरी खाली बघून आली. खाली हयवदन भेटले. ते कुंडीचं नाव काढताच इतके दचकले की हातातली पिशवी पडली. "गौरी मेडम, परीक्षा संपली की सगळं ठीक होणार," असं काहीतरी पुटपुटत ते लिफ्टमध्ये शिरले. त्यांची मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे आपल्या बारावीला होती. आता मेथीचा आणि बारावीचा संबंध काय? गौरीने हे वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं. तिला तो संबंध जरा जास्तच लवकर कळला होता.

पुरुषोत्तमांकडे तर आणखी गंमत झाली. त्यांच्या नोंदवहीत रोजची मोजदाद व्यवस्थित होती. विद्याधररावांनी ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी केली. "संकष्टीला नऊ रोपं गेली. पीयूसीचा गणिताचा पेपर, सात. आणि बाराव्या दिवशी एकदम आठ! पुरुषोत्तम, बाराव्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"घरी," पुरुषोत्तम म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. "शमिकाला त्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं. पुण्यात. मी फोनजवळ बसून होतो."

"दिवसभर?"

"जवळजवळ दिवसभर." मग एकदम चिडून, "तुम्हाला चहा हवाय का जायचंय?"

विद्याधररावांनी दोन्ही केलं.

संध्याकाळी त्यांनी सापळा लावला, म्हणजे मंत्राच्या कुंडीभोवती रांगोळीची भुकटी पसरली. पावलांचे ठसे उमटणार! सकाळी पाहतात तो गच्ची लख्ख. नंजम्माने फडकं मारलं होतं. "सार, कोणी पांढरं पांढरं घाण केलं. आणि ते मेथी ना..."

"आमेले!" विद्याधरराव गरजले. मग गौरीला म्हणाले, "पाहिलंस? पुरावा नष्ट करणारी टोळी आहे."

शेवटी रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. रहस्य उलगडायचं तर माणसं गोळा करावी लागतात, असं त्यांचं ठाम मत. हयवदन आले, दहाबारा शेजारी आले, पुरुषोत्तम टाकीच्या एका बाजूला आणि विश्वासराव दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मधे दोन कुंड्या. मंत्राच्या कुंडीत चौदा रोपं केविलवाणी उभी होती, बिनमंत्राची हिरवीगार, गच्च.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," विद्याधररावांनी खाकरून सुरुवात केली, "पुरुषोत्तम निर्दोष आहेत. त्यांना जिंकायचंच होतं, पण इतकं ढळढळीत जिंकण्याची अक्कल त्यांच्याकडे नाही. मग फायदा कोणाचा? हरण्याआधीच ज्याला 'माझा घात झाला' असं म्हणता येईल त्याचा! मेथी उपटली ती खुद्द विश्वासरावांनी!"

विश्वासराव वाकले, कुंडी उचलायला लागले. "राहू दे," ते हळूच म्हणाले. "फेकून देतो. पैज हरलो मी. आणि मुलाकडे नागपूरला जातो. इथे आता कोणाशी बोलायचं?"

"कुंडी खाली ठेव!" टाकीच्या पलीकडून आवाज आला. पुरुषोत्तम तरातरा पुढे आले होते. "विद्याधर, तोंड सांभाळा. हा माणूस गाढव आहे. पस्तीस वर्षं पुराव्यानिशी सांगतोय मी, गाढव आहे. पण खोटारडा नाही!"

इतक्या दिवसांतले हे पहिले शब्द. विश्वासरावांच्या हातात कुंडी तशीच राहिली.

आणि नेमकी त्याच क्षणी नंजम्मा बादली घेऊन वर आली. एवढी गर्दी पाहून तिला वाटलं, पूजाच चाललीय. तिने बादली ठेवली, हात पुसला, विश्वासरावांच्या हातातल्या कुंडीतलं एक रोप नाजूकपणे उपटलं, डोळ्यांना लावलं आणि तोंडात टाकलं.

"अक्का!" विद्याधरराव किंचाळले. "हे काय केलंत?"

"प्रसाद, सार," नंजम्मा चावत म्हणाली. "किती दिवस सांगते, तुम्ही आमेले आमेले म्हणते. विश्वास सार रोज एवढं मंत्र म्हणते, मग ते मेथी राहील? एल्लारू तगोंडिद्दारे. सगळे घेतले. मी कुंकूपण लावते रोज."

"सगळे म्हणजे?"

नंजम्माने ओल्या बोटाने एकेकाकडे दाखवायला सुरुवात केली. "हयवदन सार, मुलीचा परीक्षा. दुसरा मजला आंटी, शुगर. गौरी मेडम, प्रमोशन."

गौरीला आता नजर चुकवायला जागाच उरली नाही. "एकच घेतलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, साठातलं एक गेलं तर कोणाला कळतंय."

"असंच सगळे म्हटले," हयवदन खाली मान घालून म्हणाले. "मी स्वल्प जास्त. प्रत्येक पेपरला एक. गणिताला तीन."

"आणि विद्याधर सार, गुडघा," नंजम्माने यादी पुढे नेली.

विद्याधरराव ताठ झाले. "ते रोप मी पुरावा म्हणून ताब्यात घेतलं होतं."

"खाल्लंत की बाबा!"

"सुरक्षित जागी ठेवलं," ते म्हणाले.

नंजम्माचं बोट पुढे सरकलं आणि पुरुषोत्तमांपाशी थांबलं. पुरुषोत्तमांचे कान लाल झाले होते.

"सॅम्पल घेतलं," ते घाईने म्हणाले. "प्रयोगाचा भाग म्हणून. दोन रोपं."

विश्वासरावांनी कुंडी खाली ठेवली. "मग दुसऱ्या कुंडीतून का नाही घेतलंस? सॅम्पल घ्यायचं तर दोन्हीकडून घ्यायचं. हे मला तूच शिकवलंस."

पुरुषोत्तम कुंडीतल्या उरलेल्या मेथीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहाटेपासून फोन येत नव्हता रे. तेव्हाच कळलं होतं, डॉक्टर म्हणतात थोडं अवघड आहे. मेथीने काही होत नाही, मला माहीत आहे. आजही माहीत आहे. पण पोरगी तिकडे, मी इकडे, आणि माझे हात रिकामे होते."

"अरे, मग मला सांगायचंस! मी जपाला बसलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. आणि दुसऱ्याच दिवशी तू मला चोर म्हणालास. चिडणार तरी कसा? चोर होतोच ना मी!"

विश्वासराव हसले. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसले. "अक्का," त्यांनी विचारलं, "मी किती रोपं घेतली?"

"तुम्ही इल्ला सार, काहीच नाही. इमारतीत तुम्ही एकटे."

"प्रयोगाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना," विश्वासराव म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

पुरुषोत्तमांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे प्रयोग पाळला भक्ताने, आणि प्रसाद खाल्ला मी!"

"मंत्राचा परिणाम झाला की नाही?"

"रोपं कमी झाली! उलटा परिणाम!"

"माणसं तर आली."

"माणसं मोजायचं कुठे ठरलं होतं?"

जिना उतरताना त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता. शमिकाच्या मुलीचं नाव काय ठेवलं, ती कोणासारखी दिसते, आणि आत्म्याला वजन असतं का, असं सगळं एकदम चाललं होतं.

विद्याधररावांनी गौरीकडून वही घेतली आणि लिहिलं: 'प्रकरण चौथे. उकल: विद्याधर. सहाय्य: इतर.' बिनमंत्राची मेथी नंजम्माने सपासप कापून गौरीच्या हातात दिली. "हे घ्या, पराठा करा. ह्याला कोणी देवाचं नाव घेतलं नाही, पोटभर खायला चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी कॉफी प्यायला दर्शिनीत गेली, तर दोघं आधीच येऊन उभे होते. काउंटरवरच्या माणसाने त्यांना एकत्र पाहिलं आणि न विचारता एक कॉफी, दोन पेले पुढे सरकवले.

"बघितलंस?" पुरुषोत्तम म्हणाले. "पस्तीस वर्षांची निरीक्षणं. त्यावरून काढलेला निष्कर्ष. याला विज्ञान म्हणतात."

"इतके दिवस आपण वेगळे आलो, तरी त्याने आशा सोडली नाही," विश्वासराव म्हणाले. "याला श्रद्धा म्हणतात."

कॉफी गार झाली. मग त्यांनी आणखी एक बाय टू मागवली.