बघितल्याशिवाय निरंक नाही

भाटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पलंगाखाली बघत. आपल्याकडची रीत अशी की चपला काढाव्यात, टेकावं, पाणी घ्यावं, घरातल्या वडीलधाऱ्यांची चौकशी करावी. काकांचा क्रम वेगळा. उंबरा ओलांडला की खिशातली छोटी बॅटरी काढायची, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं आणि पलंगाखालूनच विचारायचं, "ही पत्र्याची पेटी कुणाच्या वेळची?"

बाजारपेठेतल्या एका घरी नव्या सुनेने त्यांना चोर समजून केरसुणी हाणली होती. काका चिडले नाहीत. पाठ चोळत म्हणाले, "पोरी, चोराचे गुडघे एवढे वाजत नाहीत." आणि लगेच माळ्यावर काय आहे ते विचारलं.

काकांना हवे असत जुने कागद. पोथ्या, मोडीतली दप्तरं, फारसी किताबं, काहीही चालेल. फक्त हाताने लिहिलेलं हवं. कुणी हौसेने छापील पुस्तक पुढे केलं की गार पुरी पानात पडल्यासारखा त्यांचा चेहरा होई.

मी भिवंडीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल. मला याद्यांची आवड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. किराण्याची यादी मी वाण्याच्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते, म्हणजे त्याची फेरी वाचते. मुलीच्या लग्नात माझ्याकडे याद्यांचीसुद्धा एक यादी होती. त्यामुळे मुंबईच्या एका संस्थेने हस्तलिखितांच्या संयुक्त सूचीचं काम काढलं, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी ते न वाचताच माझ्या टेबलावर ठेवलं. गावात नुकतेच कॅमेरावाले मोबाइल दिसायला लागले होते आणि भारनियमनाने लूमवाले रडकुंडीला आले होते, त्या सुमाराची ही गोष्ट.

कल्पना साधी होती. कुणी आपली पोथी कुणाला द्यायची नाही. ती ज्याच्या त्याच्या घरी, देवळात, मशिदीत राहील. प्रत्येक गावाने आपल्याकडे काय आहे त्याची एकाच नमुन्याची कार्डं भरायची: नाव, लिपी, पानं, ठिकाण. सगळ्या गावांची कार्डं एकत्र करून मोठी सूची छापायची. काकांनी हे सगळं एका ओळीत बसवलं होतं, "पोथी तुमची, नोंद सगळ्यांची." दारात उभं राहून ते हे इतक्या मोठ्याने म्हणत, की दोन-तीन घरी लोकांनी त्यांना उमेदवार समजून "यंदा ठरवलं नाही" असं सांगून परत पाठवलं.

काका या कामाच्या मागे का लागले, त्यालाही कारण होतं. ते तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. पूर्वी कधीतरी अशीच एक सूची निघाली होती आणि तिच्यात भिवंडीपुढे एकच शब्द छापला होता: निरंक. म्हणजे काही नाही.

"निरंक म्हणे!" काका कडाडत. "अहो, मी जन्मभर निरंक लिहिलंय. तक्रारी निरंक, प्रलंबित निरंक, सगळं खुर्चीवरून न उठता. निरंक कसं लिहितात ते मला कोण शिकवणार? हे निरंक बसूनच लिहिलेलं आहे!"

तेव्हापासून 'बघितल्याशिवाय निरंक नाही' हा त्यांचा मंत्र. तो कागदापुरता राहिला नाही. भाजीवाली म्हणाली, "मेथी न्हाय आज," तर हे तिचं गोणपाट उचलून बघणार. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या छातीत काही नाही," तर हे विचारणार, "नीट बघितलंत?" अकलोलीला लोक गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायला जातात, काका गेले ते काठावरच्या म्हाताऱ्यांना तुमच्या पलंगाखाली काय आहे हे विचारायला.

माणूस तऱ्हेवाईक, पण हाती काही लागत नसे असं नाही. युसूफचाचांचा लूमचा कारखाना आहे. काका त्यांच्या पलंगाखाली शिरले तेव्हा चाचा वरून म्हणाले, "भाटेसाब, नीचे सिर्फ धोटे हैं, लूम के पुराने पुर्जे." काका खालून म्हणाले, "देखे बिना निरंक नहीं, चाचा." आणि धोट्यांच्या मागून करड्या कापडातला गठ्ठा घेऊन उलटे बाहेर आले. आत फारसी किताब. चाचांच्या आजोबांच्या हातची. चाचांनी किताब उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "मैं चालीस साल से इसके ऊपर सो रहा हूँ."

अशी पिशवीभर कार्डं जमली. मी ती अकारविल्हे लावली, मुंबईला पाठवली आणि आठवड्याने तिथल्या समन्वयक मॅडमचा फोन आला. कार्डं उत्तम आहेत म्हणाल्या. पण एक अडचण आहे. यातल्या बहुतेक पोथ्यांच्या प्रती इतर गावांतही आहेत. ज्या गावाकडे दुसरीकडे कुठेच नसलेलं एखादं संपूर्ण हस्तलिखित आहे, त्यालाच सूचीत स्वतंत्र मथळा मिळतो. नाहीतर तुमच्या नोंदी 'ठाणे आणि परिसर' या मथळ्याखाली जातील.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"परिसर?" ते म्हणाले. "आपण परिसर?"

मला वाटतं, निरंकचं दुःख त्यांनी पचवलं होतं. परिसर त्यांना सोसेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही रिक्षाने भिवंडी तालुक्यातल्याच अंजूरला गेलो. तिथल्या म्हात्र्यांकडे औषधांची जुनी पोथी आहे, त्यांच्याच पणजोबांनी रचलेली, अशी काकांनी कुंडावर बातमी मिळवली होती. म्हात्रे दोन भाऊ, बळीदादा आणि जनूशेठ. जमीन गोदामवाल्यांना गेली, तेव्हा गोदामाच्या रस्त्यावरून भांडण झालं ते झालंच. शेजारी शेजारी सारखेच दोन बंगले, एक हिरवा, एक गुलाबी, आणि मधे दोघांनी आपापल्या खर्चाने बांधलेल्या दोन भिंती.

बळीदादांच्या पलंगाखाली काही निघालं नाही. पोथी देवघरात होती. दादांनी ती लाल फडक्यातून काढून दिली. काकांनी पहिलं पान वाचलं, "पोटात मुरडा येऊन घाम सुटत असल्यास..." पान उलटलं. पुढच्या पानावर भलतंच. "अहो, मुरड्याचं पुढे काय?"

"पुढं जनूकडं," दादा शांतपणे म्हणाले.

"म्हणजे?"

"वाटणीत पोथी दोघांनाबी पायजेल व्हती. पंच बोलले, एक पान थोरल्याला, एक पान धाकट्याला. पत्त्यासारकी वाटली. नाय्य झाला."

काकांनी डोळे मिटून घेतले. मी चटकन पानांचे आकडे पाहिले. सगळे विषम.

दोन्ही भिंतींना वळसा घालून आम्ही गुलाबी बंगल्यात गेलो. जनूशेठनी त्यांची लाल फडक्यातली पोथी उघडली. काकांनी वाचलं, "...ओव्यासंगे उकळून कोमट द्यावे."

"कशावर द्यावे?" मी विचारलं.

"ते दादाकडं," जनूशेठ म्हणाले आणि हसले. "ताई, दादाकडं नुसतं रोग हायेत. औषध समदी माझ्याकडं."

हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं. तिकडून आवाज आला, "हायेत ना औषध? कशावर द्याची ते इचार त्याला!"

दसऱ्याला दोन्ही घरी आपापल्या अर्ध्या पोथीची पूजा होत असे. मी मनातल्या मनात कार्ड भरून पाहिलं. नाव एक, कर्ता एक, ठिकाणं दोन. नोंद बसत होती. संयुक्त सूचीचा हाच तर फायदा. पण मॅडमची अट होती की पोथी संपूर्ण आहे हे त्या स्वतः सगळी पानं एकत्र लावून बघणार. म्हणजे दोन्ही अर्ध्या पोथ्या एका छपराखाली यायला हव्यात. दादा जनूच्या घरी जाणार नाहीत, जनू दादांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. पानं दुसऱ्याच्या हाती पाठवायला दोघंही तयार नाहीत.

मी वाचनालय सुचवलं. दादा म्हणाले, "तुमचं अध्यक्ष जनूचं व्याही." देऊळ सुचवलं. जनूशेठ म्हणाले, "कळसावर दादाचं नाव हाय." युसूफचाचांचं घर दोघांनाही चाललं असतं, पण तिथे लग्न निघालं होतं आणि पलंगसुद्धा गच्चीवर गेले होते.

काका दोन भिंतींच्या टोकाशी उभे होते, दोघांना ऐकू जाईल असे. त्यांनी घसा खाकरला. एरवीचा कडकडाट नव्हता. "माझ्या खोलीवर चालेल का?"

"तिथं कोन असतं?" हिरव्या बंगल्याच्या गच्चीवरून प्रश्न आला.

"कोणी नाही. मी असतो."

दोघांनाही त्यात खोट सापडली नाही.

इतकी वर्षं काका आमच्याकडे, सगळ्यांकडे येत होते. त्यांच्या खोलीवर गेलेलं मला तरी कुणी माहीत नव्हतं. भाजी मंडईमागच्या चाळीत ते एकटेच राहत. काकू जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. एवढी माहिती गावाला होती आणि तेवढ्यावर गावाचं भागत होतं.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. दोन्ही भावांनी दुसऱ्याच्या आधी पोहोचायचं ठरवून दोन रिक्षा केल्या होत्या. पण सुताच्या गाठोड्यांचा एक ट्रक नाक्यावर आडवा अडकला आणि दोघांनाही उतरून चालत यावं लागलं. एक रस्त्याच्या या बाजूने, दुसरा त्या बाजूने, दोघांच्या छातीशी लाल फडकं. दारात एकदम पोहोचले. दार अरुंद होतं. आत शिरताना खांद्याला खांदा घासला.

मी चटई अंथरली आणि नियम सांगितला: दादांनी एक पान ठेवायचं, मग जनूशेठनी. जशी वाटली होती तशीच परत जोडायची. काका वाचत होते, मॅडम लिहीत होत्या. मुरड्याला ओवा मिळाला. विंचवाला आघाडा मिळाला. प्रत्येक रोगाला आपलं औषध भेटत गेलं तसा काकांचा आवाज चढत गेला. शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं दारात जमली. एक आजी म्हणाल्या, "गुडघ्याचं आलं की सांगा."

मग दादांचं पान आलं. "मुलाची छाती भरून खोकला सुटत नसल्यास..." जनूशेठनी आपलं पान ठेवलं. "...अडुळशाचा रस, सुंठ..."

"हा काढा आई देत व्हती," जनूशेठ पानाकडे बघतच म्हणाले. "तुला कडू लागाचा. तू माझ्या वाटीत वताचास."

कित्येक वर्षांत तो भावाशी बोललेला पहिला शब्द असावा. दादांनी हातातलं पान सरळ केलं. "आन तू प्याचास," ते म्हणाले. "गाढवावानी. दोन वाट्या."

"मंगच मना खोकला न्हाय."

दोघंही हसले नाहीत. पण पुढचं पान दादांनी जरा जवळ ठेवलं.

शेवटचं पान जनूशेठचं निघालं. त्याच्यावर पणजोबांचं नाव आणि 'संपूर्ण' असा शब्द. मॅडमनी पेन ठेवलं. "असं हस्तलिखित आमच्याकडे एकाही गावातून आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मथळा स्वतंत्र. भिवंडी."

दारातल्या लोकांना मथळा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी टाळ्या वाजल्या. काका उभे राहिले. काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं, पण नुसतंच म्हणाले, "परिसर नाही ना?"

"नाही. भिवंडी."

आता फक्त कार्डावरचं ठिकाण राहिलं. आधी कुणाचं नाव? भावांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायला लागल्या. काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं: म्हात्रे बंधू, अंजूर.

"बंधू?" दादांनी विचारलं.

"मी रेकॉर्ड रूममधला माणूस आहे," काका म्हणाले. "वाटणीपत्रात जमीन तुटते, झाडं तुटतात, पोथीसुद्धा तुटते. नातं तोडायला रकाना नसतो."

कुणी हरकत घेतली नाही. मी शाई वाळायच्या आत कार्ड पिशवीत टाकलं. अशा वेळी उशीर करू नये.

मग चहा. मी स्टोव्हपाशी गेले. फडताळात एक कप, एक बशी, एक ताट, एक वाटी. "काका, कप?"

काका दारातल्या लोकांना मथळ्याचा अर्थ समजावत होते. वळून न बघता म्हणाले, "पलंगाखाली."

मी त्यांचीच बॅटरी घेतली आणि वाकले. पुठ्ठ्याचा खोका होता, दुकानाची सुतळी अजून बांधलेली. आत निळ्या काठाचे कप, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कागद पिवळा पडून तुकडे होत होते. एकाही कपाला कधी चहा लागलेला नव्हता.

"हे कधी आणलेत?" मी हळूच विचारलं.

"निवृत्त झालो त्या आठवड्यात." ते खाली बसले आणि कप पुसायला लागले. "वाटलं, आता वेळ आहे, लोक येतील. मग म्हटलं, बसून काय वाट बघायची. आपणच जावं."

मी चहात साखर जास्त घातली. तेवढंच सुचलं.

बळीदादांनी निळ्या काठाचा कप तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाटेकाका, पावसाळ्यानंतर पोथ्यांना ऊन दाखवाला लागतं. दर वरसाला. हितं गच्ची हाय ना?"

"हाय," काकांच्या आधी जनूशेठच म्हणाले. "मी बघितली येताना."

सूची छापून आली तेव्हा युसूफचाचांनी पेढे वाटले आणि काका पुस्तक घेऊन थेट तहसील कचेरीत गेले. खुर्चीवरच्या कारकुनासमोर 'भिवंडी' मथळा उघडून ठेवला आणि म्हणाले, "उठून बघ." तो उठला आणि त्याने बघितलं.

ऊन दाखवायची तारीख आता माझ्या यादीत कायमची आहे. दोघे म्हात्रे येतात, एकाच रिक्षाने, आपापलं भाडं वेगळं देतात. चाचा किताब आणतात. ती सून येते, केरसुणीवाली. गच्चीवर पानं पसरली की खाली चहा होतो, आणि कप कमी पडतात म्हणून काका ओरडतात.

दर वेळी खोलीत शिरले की मीही आता आधी वाकून पलंगाखाली बघते. खोका अजून आहे. आत निरंक.

बघून लिहिते आहे.