गार्बेज टाइमचा माझा अर्थ

मंगळवारी रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कारण काय, तर दोन इंग्रजी शब्द. (त्याआधी एकदा लेकीचा डावा बूट उजव्यापेक्षा लवकर का झिजतो, या विचाराने जागले होते. त्या मानाने हा विषय भारदस्तच म्हणायचा.)

झालं असं, की संध्याकाळी लेक बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसहून आली आणि दारातच बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "आई, शनिवारी मी खेळणार! सर म्हणाले, तुला गार्बेज टाइममध्ये नक्की उतरवतो. तुला माहितीये त्याचा अर्थ?"

मला माहीत नव्हता. पण आईला एखादी गोष्ट येत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला इतक्या लवकर कळू नये असं माझं मत आहे. "आधी हात धू," म्हणून मी वेळ मारून नेली आणि स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप फोन काढला.

मी फार्मासिस्ट. औषधाच्या खोक्यातली ती घडीची चिठ्ठी अगदी शेवटच्या दुष्परिणामापर्यंत वाचायची सवय. तशीच ही व्याख्या वाचली. सामन्याचा निकाल जवळजवळ ठरून गेल्यावर जो वेळ उरतो, तो गार्बेज टाइम. तेव्हा मुख्य खेळाडूंना बसवून राखीव खेळाडूंना उतरवतात. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण खाली वापराची उदाहरणं होती! 'त्याने गुण पुष्कळ केले, पण सगळे गार्बेज टाइममधले.' म्हणजे कौतुक करून लगेच परत काढून घ्यायची सोय. शिवाय हरलेल्या सरकारचे शेवटचे दिवस, राजीनामा दिलेल्या माणसाचा नोटीस पीरियड, कशालाही हा शब्द चालतो म्हणे.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अरे वा! म्हणजे आमची शुक्रवार संध्याकाळची मीटिंग. कामाचा शब्द आहे."

"तुझ्या मुलीला कचऱ्याच्या वेळात खेळवणार आहेत आणि तू शब्दाचं काय कौतुक करतोयस?"

"खेळवणार आहेत ना? मग झालं तर."

"तिला अर्थ कळला म्हणजे? कोमेजून जाईल पोर. परत बॉलला हात लावणार नाही."

"मग सांगू नकोस," म्हणून तो लॅपटॉपमध्ये शिरला. (आमच्या घरातले सगळे अनर्थ त्याच्या अशाच चिमुकल्या वाक्यांतून सुरू होतात. खापर मात्र माझ्याच डोक्यावर फुटतं.)

जेवताना मी घसा साफ केला. "गार्बेज टाइम म्हणजे ना, मॅचमधला सगळ्यात नाजूक वेळ. बाकीचे दमलेले असतात. तेव्हा सर आपले अगदी खास, राखून ठेवलेले खेळाडू बाहेर काढतात."

लेकीचा घास हातातच राहिला. "मग त्याला गार्बेज का म्हणतात?"

"दुसऱ्या टीमला पत्ता लागू नये म्हणून."

नवऱ्याला जोराचा ठसका लागला. लेकीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि घास तोंडात टाकला. मला भरून आलं. किती चटकन विश्वास ठेवतात मुलं! मग रात्रभर एकच घोर: कुणी तिला खरा अर्थ सांगितला तर?

शनिवारी आम्ही क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत. शेजारी टीममधल्या सगळ्यात उंच मुलीची आई, पेशाने वकील. टीमचे निम्मे गुण त्या उंच मुलीचेच. शिट्टी वाजायची वेळ झाली आणि ही मुलगी टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर जाऊन बसली.

"अगं ऊठ, सुरू होतंय," सर म्हणाले.

"मी आत्ता नाही. मी गार्बेज टाइमला उतरणार."

सरांना वाटलं, थट्टा करतेय. तेवढ्यात कॅप्टनही तिच्या शेजारी टेकली. "मग मीपण. दरवेळी हीच का खास?"

बघता बघता बाकावर जागा पुरेना. मैदानात उतरायला उरल्या कोण? तर नेहमी बाकावर असणाऱ्या चौघी, आणि माझी लेक. तिने बॉल धरला तो गॅसवरून उतरवलेलं पातेलं धरावं तसा. सर ओरडत होते, आईबाप ओरडत होते, आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज. समोरच्या टीमने एवढे गुण केले, की फलकावरचे आकडे बदलणारा माणूस खुर्ची सोडून उभाच राहिला. बसून त्याला परवडेना.

"आता तरी उतरा गं!" सर हात जोडून म्हणाले.

"गार्बेज टाइम झाला का, सर?"

"झाला! मघाशीच झाला!"

त्याबरोबर बाकावरच्या साऱ्या एकमेकींना टाळ्या देत आत धावल्या, आणि माझी लेक मान खाली घालून बाहेर आली. मॅच आम्ही हरलो. सणसणीत हरलो.

वकीलबाई तडक सरांपुढे. "माझ्या मुलीला सुरुवातीला का बसवलंत?"

"मी बसवलं? मॅडम, ती स्वतः बसली!"

"कुणी सांगितलं तिला?"

उंच मुलीने माझ्या लेकीकडे बोट केलं. लेकीने माझ्याकडे.

"काकू औषधं देतात," उंच मुलगी म्हणाली, "त्या चुकीचं कशाला सांगतील?"

"नेमकं काय सांगितलंत तुम्ही?" सरांनी मला विचारलं.

लेक समोर उभी. खरा अर्थ सांगावा तर तिच्या कानावर जाणार, न सांगावा तर सर खाणार. "म्हणजे कसंय सर… शब्दाला छटा असतात…"

"कसल्या छटा?"

लेकीने सुस्कारा सोडला. "आई, राहू दे. मॅच हरल्यात किंवा जिंकल्यात जमा असते ना, तेव्हा उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांना खेळवतात, तो गार्बेज टाइम. सरांनी केव्हाच सांगितलंय. मी तुला तेच सांगणार होते, पण तू इतकी रंगात आली होतीस…"

"मग मुलींना ते…"

"मी गंमत म्हणून सांगितलं. त्यांना खरं वाटलं. आणि माझा गार्बेज टाइम त्यांनी घेतला!"

वकीलबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आरोपी आणि मीच पुरावा. मी गुडघ्यांवर बसले. "राणी, तुला वाईट नाही वाटत त्या नावाचं?"

"कशाला? मस्त असतं ते. सर ओरडत नाहीत. सगळे आईबाबा फोन काढून बसतात. प्रॅक्टिस मॅचमध्ये मी एकदा डोळे मिटून बॉल टाकला होता."

"गेला आत?"

"नाही. पण कुणी काही म्हटलंसुद्धा नाही!"

माझे डोळे भरले. मी तिचे दोन्ही हात धरून म्हटलं, "पुढच्या मॅचला मी इथेच, पहिल्या रांगेत. तुझं एकेक मिनिट बघणार. अगदी शेवटपर्यंत."

लेकीने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फार समजूतदार आवाजात म्हणाली, "आई, आधीचं सगळं तू बघ. पण मी उतरले ना, की जरा बाहेर जाऊन येशील? तू बघायला लागलीस की गार्बेज टाइमसुद्धा फायनलसारखा वाटतो."