पूर्वेच्या खोलीचं मत

नेल्डा कुबेनाने नळ सोडला. नळ आधी खोकला, मग त्याने चहाच्या रंगाचं ओंजळभर पाणी ओकलं आणि गप्प झाला.

"ऑर्व्हल, विहीर संपली रे."

"संपत नाही. माझ्या आजोबांनी खणलीय ती."

"आजोबाही संपलेच की!"

टेक्सासमधल्या त्या घरात हा संवाद सहा वर्षं चालू होता. नेल्डा आठवड्यातून तीनदा पिकअपवर टाकी चढवून गावातून पाणी आणायची. गुडघे दुखायचे, पण करते काय? अंथरुणावर पडल्या पडल्या विहिरीची कटकट नको, म्हणून ऑर्व्हलने चार वर्षांपूर्वी आपला पलंग पश्चिमेच्या खोलीत हलवला होता. तिथे तो सुखाने घोरत असे.

शेजारच्या माळावर एका कंपनीला तीनशे घरं बांधायची होती. त्यासाठी विधिमंडळाने खास कायदा करून एक पाणीमंडळ जन्माला घातलं. मंडळ म्हणजे नळ, गटारं आणि अर्थातच कर. हद्दीतल्या रहिवाशांनी मतदान करून होकार दिला की काम फत्ते. आता माळावर रहिवासी आणायचे कुठून? मग कंपनीने तिकडच्या रिवाजाप्रमाणे तिथे एक ट्रेलर-घर आणून ठेवलं आणि आपल्याच मुकादमाला बायकोसकट त्यात राहायला घातलं. दोन मतदार, दोन्ही घरचे. ऑर्व्हलचं घर मात्र मुद्दाम हद्दीबाहेर ठेवलं होतं, कारण कर म्हटलं की तो कुत्रा सोडायचा.

मतदानाला चार दिवस उरले असताना कंपनीचा वकील ब्राइस घामाघूम होऊन दारात उभा राहिला. हातात पेकानची पाई, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याची भाजलेली गोड मिठाई होती.

"ऑर्व्हलकाका, जरा घोळ झालाय. कायद्यात चारशे फुटांच्या जागी नऊशे छापलंय. अख्खं मंडळ पश्चिमेला सरकलं. ट्रेलर बाहेर गेला, आणि तुमचं घर आत आलं."

"मग बदला कायदा!"

"विधिमंडळ आता दीड वर्षाने बसणार, काका. आणि मतदारयादीत नवी नावं घालायची मुदतही संपली. तुम्ही दोघंच उरलात."

ऑर्व्हलने पाई हातात घेतली आणि वास घेतला. "विचार करू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ब्रिस्केट, म्हणजे धुरावर भाजलेलं गोमांस आलं, तिसऱ्या दिवशी 'कोलाचे' नावाचे टोपलीभर गोड पाव. ऑर्व्हल ओसरीवर बसून खायचा आणि विचार करायचा. नेल्डा गावाहून आणलेल्या पाण्यात ताटं विसळायची. तिला कुणी काही विचारलं नाही.

"काकूंचं मत काय?" ब्राइसने एकदा घाबरत घाबरत विचारलं.

"या घरात दोन मतं म्हणजे माझंच मत दोनदा," ऑर्व्हल बोटं चाटत म्हणाला. "आणि उद्या तिला अवदसा आठवली, तरी एकास एक. बरोबरी झाली की तुझं मंडळ बुडालं. कोलाचे छान होते हं!"

आत नेल्डाने ताट जरा जोरात आपटलं.

शनिवारी मतदान घ्यायला लुडीबाई आल्या. चर्चमध्ये वाढणी करतानाही मोजून वाढणारी बाई! सोबत त्यांनी मोजणीदार आणला होता. त्याने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग जोड्यांसकट घरात शिरून बोळातल्या लादीवर खडूने रेघ ओढली.

"हद्द इथून जाते. पूर्वेची खोली आत, पश्चिमेची बाहेर."

ब्राइसचा चेहरा पडला. लुडीबाईंनी चष्मा सावरला. "माणूस झोपतो तिथला रहिवासी. नेल्डा, तू कुठे झोपतेस?"

"पूर्वेला."

"ऑर्व्हल?"

"मी... मीही तिकडेच की!"

"बायबलवर हात ठेवून सांग."

ऑर्व्हलने बायबलकडे पाहिलं, मग पश्चिमेच्या खोलीतल्या आपल्या पलंगाकडे पाहिलं. "चारच तर वर्षं झालीत," तो पुटपुटला.

"अरे, अख्ख्या चर्चला ठाऊक आहे ते," लुडीबाई म्हणाल्या. "हो बाजूला, मतदाराला वाट दे."

नेल्डाने एप्रनला हात पुसले, मतपत्रिका घेतली आणि पूर्वेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी घडी घातलेला कागद तिने पेटीत टाकला. पेटी मात्र नियमाप्रमाणे संध्याकाळी सातपर्यंत उघडता येईना. मोजणीदार निघून गेला, आणि दिवसभर उरलेले चौघं पेटीकडे बघत बसले. ब्राइसने या खेपेस खुर्ची नेल्डाजवळ ओढली होती.

सात वाजता लुडीबाईंनी पेटी उघडली आणि खड्या आवाजात वाचलं, "बाजूने एक. विरुद्ध शून्य. पाणीमंडळ मंजूर."

ऑर्व्हल ताडकन उठला. "नेल्डा! तू बाजूने दिलंस?"

लुडीबाईंनी पेटीवर हात आपटला. "ऑर्व्हल, असलं काही विचारायचं नाही. मतदान गुप्त असतं."

"हो ना," नेल्डा शांतपणे म्हणाली. "कुणी दिलं असेल, काय माहीत!"

आणि ब्राइसने आणलेल्या खाऊचं खरकटं ताट तिने प्रथमच ऑर्व्हलच्या हातात दिलं. "विसळून ठेव. टाकी रिकामी आहे, आजोबांच्या विहिरीवर जा."